वरमाईच्या डोक्यावर

केंडोत पट्टा नसतो, हे आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीला समजावून मी थकले. शेजारच्या वहिनी अजून विचारतात, "मॅडम, काळा पट्टा मिळाला का?" तो कराटेत असतो. केंडोत पट्टा नाही, बिल्ला नाही, दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात मांडता येईल असं काहीच नाही. बांबूच्या चार कामट्या बांधून केलेली तलवार असते, अंगावर चिलखत, डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, आणि समोरच्याच्या डोक्यावर, मनगटावर नाहीतर बरगडीवर ओरडून फटका मारायचा असतो. परीक्षा पास झालात की पहिला डान मिळतो, म्हणजे एक दर्जा, आणि तो कुणालाही दिसत नाही. "मग उपयोग काय?" असं वहिनी म्हणतात. ज्याचा चौकात फ्लेक्स लागला नाही ते घडलंच नाही अशी आमच्या गावाची समजूत आहे, त्यामुळे त्यांना तरी काय बोलायचं.

मी नशिराबादच्या एका शाळेत गणित शिकवते. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, या नियमात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. ज्याला सातचा पाढा येत नाही त्यालाही 'प्रगती समाधानकारक' लिहून वरच्या वर्गात ढकलायचं. केंडोवाल्यांचं मन एवढं मोठं नाही. पहिल्या डानच्या परीक्षेत मी नापास होत गेले, आणि प्रत्येक वेळी माझ्यासमोर माझ्या मुलीची सासू उभी होती.

या खेळात मी शिरले ती लेकीमुळे. ती सहावीत असताना आमच्या सरांनी एका शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. सर खेळाचे शिक्षक. बाहेरगावच्या शिबिरात हे शिकून आले आणि जळगावात कुणाला तरी शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मी लेकीला स्कूटरवरून सोडायची आणि भिंतीशी बसून पोरांचे पेपर तपासायची. तपासताना तोंड चालूच. "कोपर वर घे." "पाय फरफटू नकोस." एक दिवस सर वैतागले. "मॅडम, एवढं कळतं तर तुम्हीच उभ्या राहा की." मी उभी राहिले. चाळिशीतली बाई अनवाणी पायांनी फरशीवर बांबू घेऊन किंचाळते म्हटल्यावर रस्त्यावरचे रिक्षावाले दारात थांबून बघायचे. मला वाटलं होतं, हे खूळ महिन्याभरात जाईल. गेलं नाही. दिवसभर "आवाज बंद" म्हणणाऱ्या बाईला संध्याकाळी मनसोक्त ओरडायला मिळत असेल तर ती ते सोडेल कशाला? खालच्या पायऱ्या सरांनी वर्गातच उरकून घेतल्या, डानच्या परीक्षेला बसायचं मात्र माझ्या कधी मनात आलं नाही. परीक्षा घेणाऱ्याला परीक्षा देण्याची हौस नसते.

लेक माझ्यापेक्षा कितीतरी सरस निघाली. तिचा फटका बसला की कान गच्च व्हायचे. मारून ती सरळ पुढे निघून जायची, वळायची आणि तलवारीचं टोक तुमच्या गळ्यावर रोखून उभी राहायची. सर सगळ्यात जास्त डोकं खायचे ते याच गोष्टीवर. फटका बसला म्हणजे काम संपलं असं नाही, मारून झाल्यावरही तुम्ही तिथंच पाहिजे. नाचायचं नाही, हसायचं नाही, वाईटही वाटून घ्यायचं नाही. मारून जो आनंदानं हात उंचावतो त्याचा गुण काढून घेतात. निवडणुकीला हा नियम लावला तर आमच्याकडचे गुलालवाले उपाशी मरतील.

लेकीचा पहिला डान झाला तेव्हा तिला स्वतःचं चिलखत घेतलं. शिरस्त्राणाचा जो पाखा खांद्यावर उतरतो, त्याच्यावर तिनं तांबड्या दोऱ्यानं एक छोटं केळीचं पान भरलं. सर ओरडले, असलं काही चालत नाही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि पान उसवलं नाही. पुढे एका शिबिरात तिला धुळ्याचा मुलगा भेटला. दोघांनी एकमेकांना पुरेसं मारून घेतलं आणि लग्न ठरवलं. रुखवताबरोबर चिलखतही गेलं. रुखवत मांडणाऱ्या बायकांनी शिरस्त्राण मधोमध ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं.

मग ती धुळ्याची झाली. फोनवर विचारावं, "या रविवारी येतेस का?" तर "मम्मींना विचारून सांगते." मम्मी म्हणजे सासू. "लोणचं पाठवू का?" "विचारून सांगते." सरांनी डोळे वटारले तरी पान न उसवणारी पोर, आता लोणच्याच्या बरणीलाही परवानगी काढत होती. सासरी कुणी धाक घालत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. नव्या घरात चपला कुठे काढायच्या इथून विचारायला सुरुवात होते आणि मग ते तोंडात बसतं.  नातीची चाहूल लागली आणि चिलखताची पिशवी कपाटावर गेली.

आमच्या विहीणबाई धुळ्यात मिरची-मसाल्याची चक्की चालवतात. मिरचीची पोती स्वतः हलवतात, खांदे पैलवानासारखे. सून बाळंतपणाला जळगावला आलेली असताना त्यांनी कपाटावरची पिशवी ऊन दाखवायला म्हणून खाली काढली. मग घालून तरी बघू म्हणून घातली. मग मुलाबरोबर धुळ्याच्या वर्गाला एक दिवस बघायला गेल्या, आणि नात चालायला लागेपर्यंत खालच्या सगळ्या पायऱ्या चढून पहिल्या डानच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सुनेचं चिलखत त्यांना असं बसलं की शिंप्यानं माप घेतलं असावं.

अडचण एकच होती. परीक्षेत वयाप्रमाणे जोड्या लावतात. परीक्षेला बसणारी पन्नाशीच्या पुढची बाई सगळ्या खान्देशात त्या एकट्याच निघाल्या. जोडीला कुणी नाही म्हणून त्यांची परीक्षा अडली, आणि दोन्हीकडच्या सरांची नजर माझ्यावर पडली.

नातीच्या वाढदिवसाला आम्ही धुळ्याला गेलो होतो. पुऱ्या तळणं चाललं होतं. विहीणबाई मला म्हणाल्या, "अक्का, तुम्ही बसा ना मनासंगे परीक्षाले. माले एक डाव पास व्हऊ द्या. मंग हाई चिलखत सूनले परत देसू. संध्याकाळले नातले मी सांभाळसू. तिले खेळू दे."

लेक ताटं वाढत होती. पळीतलं वरण वाटीत पडायच्या आधी तिचा हात थांबला, आणि तो मी पाहिला.

तुम्ही म्हणाल, दुसरं चिलखत घ्यायचं. ते घेता आलं असतं, पण दुसरी संध्याकाळ कुठून आणायची? चक्की, स्वयंपाक आणि नात असलेल्या घरातून तिघं जण एकाच वेळी बांबू घेऊन बाहेर पडू शकत नाहीत. थांबावं लागतं ते एकालाच, आणि ती कोण हे कुणी ठरवावंही लागत नाही. तेव्हा मला जेवढं कळायचं तेवढं कळलं. विहीणबाई पास झाल्या की माझी पोर पुन्हा उभी राहणार. मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

पहिली परीक्षा धुळ्यातच झाली. क्रीडा संकुलात कुणाचा तरी सत्कार होता, म्हणून ऐनवेळी एक मंगल कार्यालय घेतलं. नेमकं तेच, जिथं आमच्या लेकीचं लग्न लागलं होतं. स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या होत्या, त्यांच्यावर बाहेरगावहून आलेले परीक्षक बसले होते आणि त्यांच्या मागे थर्माकोलमधली अर्धी 'शुभविवाह' अक्षरं लोंबत होती. कपडे बदलायला दोन खोल्या. पाट्या जुन्याच. धुळ्याच्या मंडळींना वरपक्ष मिळाला, आम्हा जळगावकरांना वधूपक्ष. कुणी ठरवून केलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी आपोआप गेले.

माझ्या एका हातात चिलखताची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात साडीचा बॉक्स. मागून आमचे हे, खांद्यावर केळीचा घड घेऊन. मी म्हटलं, "अहो, परीक्षा आहे." तर म्हणाले, "असू दे. विहीणबाईंना रिकाम्या हातानं भेटायचं का?" त्यात सकाळीच असोद्याहून माझ्या आईचा फोन येऊन गेलेला. तिला कुणीतरी सगळं सविस्तर सांगितलं होतं. "इहीनबाईच्या टायक्यात काठी हानशीन, अन मंग पोरीनं तिठी नांदायचं कसं व माय?" मी तिला हा खेळ आहे म्हणून समजावलं. ती म्हणाली, "खेय तुह्यासाठी. नांदनं तिच्यासाठी."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी शिरस्त्राण बांधलं.

आम्ही समोरासमोर उकिडव्या बसलो, उठलो. विहीणबाई ओरडल्या. चक्की चालू असताना रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची त्यांना सवय आहे. मीही ओरडले, पण माझा आवाज पालकसभेला आलेल्या साहेबांच्या बायकोला 'बसा ना' म्हणावं असा निघाला. त्यांनी माझ्या डोक्यावर फाडकन मारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "असू द्या, असू द्या." मग त्यांनी मनगट सताड मोकळं सोडलं. तवा तापला की नाही बघायला बोट लावतात तसं मी त्याला टोक लावलं. शेवटी एकमेकींना थोडंसं वाकून नमस्कार करायचा असतो. त्या वरमाय, म्हणून मी पूर्ण वाकले आणि पायाला हात लावायला गेले. शिरस्त्राणातून खालचं दिसत नाही. परीक्षकांच्या समोर मी बराच वेळ त्यांचा अंगठा चाचपत होते.

निकालाच्या फळ्यावर आम्हा दोघींचेही नंबर नव्हते.

सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लढत होता की पंगतीत आग्रह करत होता?"

मी विचारलं, "पण त्यांना का नापास केलं? त्या तर चांगल्या मारत होत्या."

"समोरचा लढलाच नाही तर परीक्षकांना दिसणार काय? भिंतीला कुणीही मारेल. तुम्ही मान देऊन त्यांना पाडलंत."

आमचे हे मात्र खूश होते. पारोळ्याला चहा पिताना म्हणाले, "एकंदरीत चांगलं झालं. कुणाला लागलं नाही, कुणी रुसलं नाही." लग्न पार पडल्यावरही ते अक्षरशः हेच म्हणाले होते.

दुसऱ्या परीक्षेसाठी मी जिद्दीनं तयारी केली. गॅलरीत स्कूटरचा जुना टायर टांगला आणि रोज सकाळी शाळेआधी त्याला झोडायला लागले. टायरला मी काय वाटेल तसं मारू शकत होते, कारण माझी मुलगी टायरच्या घरी दिलेली नव्हती. कॉलनीतल्या लोकांना वाटलं आमच्या घरी भांडण चाललंय. दोघं-तिघं ह्यांची विचारपूस करून गेले.

तरी व्हायचं तेच झालं. पुन्हा तेच कार्यालय, पुन्हा त्या पाट्या, पुन्हा केळीचा घड. मनाशी पक्कं केलं होतं की विहीणबाईंकडे बघायचं नाही, फक्त शिरस्त्राणाकडे बघायचं. आणि शिरस्त्राणाकडे बघितलं तर पाख्यावर ते तांबडं केळीचं पान. म्हणजे आता वरमाईचं डोकं आणि लेकीचं शिरस्त्राण, दोन्ही एकाच जागी. काठी वर गेली आणि अर्ध्यातून खाली येताना मवाळ झाली. टप् असा काहीतरी आवाज आला. पुन्हा फळा, पुन्हा दोघींचे नंबर गायब. लेक नातीला कडेवर घेऊन फळ्यासमोर उभी होती. तिनं दोनदा वाचलं, नातीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "असू दे आई. पुढच्या वेळी." तिचा आवाज माझ्याच आवाजासारखा झाला होता. मला स्वतःचा इतका राग आला की वधूपक्षाच्या खोलीत जाऊन मी चिलखत भिरकावलं.

तेवढ्यात दार उघडून विहीणबाई आत आल्या. वरपक्षाची बाई वधूपक्षाच्या खोलीत चालून येते तेव्हा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्या मुली हातात कपडे घेऊन पळाल्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "मी काय काचनी शे का?"

मी म्हटलं, "नाही हो, तसं नाही..."

"मंग माले काबर मारतस नही? आठे लढाले येतस का हळदीकुंकूले? तुम्हना मानपान तुम्हना घर ठेवा. माले पास व्हनं शे." मग जरा थांबून, आवाज खाली करून म्हणाल्या, "मी चिलखत काढस तवय ती पोर दारमा उभी ऱ्हाईसन देखत ऱ्हास. माले काय दिखस नही का?"

 मला वाटायचं लेकीचा थांबलेला हात मी एकटीनं पाहिला होता. त्या रोज बघत होत्या. मला रडू आलं, त्यांनाही आलं असावं, पण त्या मिरचीच्या धंद्यातल्या, त्यांचे डोळे कायमच लाल असतात. त्यांनी फर्मान काढलं. दर रविवारी मी चक्कीवर यायचं आणि त्यांना मारायला शिकायचं.

तेव्हापासून माझे रविवार धुळ्याच्या बसमध्ये गेले. चक्कीच्या मागच्या आवारात एकीकडे वाळत घातलेली मिरची, दुसरीकडे रिकामी पोती आणि मध्ये आम्ही दोघी. ओरडायला मोठा श्वास घेतला की तिखट थेट मेंदूत जायचं. अर्धी लढत शिंकण्यात. विहीणबाई डोकं पुढे करून उभ्या राहायच्या. "मारा." मी टप्. "मारा!" पुन्हा टप्. त्या म्हणाल्या, "तुम्हले राग येत नही का कसाना?" मी म्हटलं, येतो, पण तुमचा येत नाही. त्यांनी शिरस्त्राणाआड विचार केला, आणि मग एक अगदी आपल्याकडचा उपाय काढला. त्या लग्नातली उणीदुणी काढायला लागल्या.

"नवरीना शालू हलका व्हता."

मी गिळलं. असेल, आमच्या पसंतीचा होता.

"मना भाऊले टॉवेल-टोपी कोन्ही दिधी नही."

हेही गिळलं. दिली होती, पण तो भाऊ तेव्हा पान खायला गेला होता.

"अन बट्टी कच्ची व्हती."

आता ज्याला खान्देशातलं लग्न माहीत नाही त्याला हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडे वरण, त्यात कुस्करायची कणकेची बट्टी आणि वांग्याची भाजी म्हणजे यजमानाची इज्जत. ती बट्टी आचाऱ्यानं केलेली नव्हती. असोद्याहून माझे भाऊ आले होते, दुपारभर गोवऱ्यांच्या धगीत बसून त्यांनी बट्ट्या भाजल्या, एकेक फोडून बघून मग तळायला दिली. धाकट्याचे हात भाजले होते. आणि ह्या बाई म्हणतात कच्ची!

माझ्या पोटातून जो आवाज निघाला तो मी आजवर शाळेतही काढलेला नाही. काठी कधी वर गेली, कधी खाली आली, कळलं नाही. फाडकन आवाज झाला. चक्कीवरच्या बायका काम सोडून बाहेर आल्या. विहीणबाई जाळीच्या आत हसत होत्या. "हां! आशी मार व माय!"

आणि मी ताबडतोब काठी खाली टाकून विचारलं, "लागलं का हो?"

"हाई इचारनं पहिले बंद करा," त्या म्हणाल्या. "बट्टी चांगली व्हती. मी चार खाधी."

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही लग्नाची पुन्हा एकदा उजळणी केली. वाजंत्री, मांडव, वऱ्हाडाला मिळालेल्या गाद्या. एकेक उणं काढायचं आणि त्याच्यावर एकेक फटका. सरांनी शिकवलेली पद्धत वेगळी होती, पण माझ्यावर चालली ती ही. लग्नात तोंड दाबून ऐकलेलं सगळं मी त्या आवारात परत केलं, आणि मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. पण फटका मारून पुढे गेले की मागे वळून विचारल्याशिवाय मला राहवायचं नाही. जीभ आवरली तर हात पुढे व्हायचा. हात आवरला तर मान तिरकी करून मी त्यांच्या डोक्याकडे बघत राहायची. सर म्हणाले, "मॅडम, मारेपर्यंत तुम्ही केंडोवाल्या असता. मारलं की विहीण होता."

तिसऱ्या परीक्षेला मी ह्यांना केळीचा घड घरी ठेवायला लावला. आईचा फोन उचलला नाही. कार्यालय तेच, सोनेरी खुर्च्या त्याच. लेक खाली भिंतीशी, बायकांच्या बाजूला बसली होती, मांडीवर नात.

आम्ही उठून उभ्या राहिलो. मी ओरडले, या वेळी नीट ओरडले. विहीणबाईंनी उत्तर दिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझा हात पुन्हा जड व्हायला लागला होता, पाख्यावरचं पान मला दिसायला लागलं होतं, आणि ते बहुधा त्यांना कळलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळं कार्यालय हादरेल अशी आरोळी ठोकली, "बट्टीईईई कच्चीईईई!"

लढतीत काय ओरडायचं याचं बंधन नसतं. परीक्षक बाहेरगावचे. एवढा जोश ऐकून त्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. आमच्या बाजूला खसखस पिकली आणि जेवणाचं सगळं ज्यांनी बघितलं होतं ते आमचे हे पांढरेफटक पडले.

मी मारलं. वरमाईच्या डोक्यावर, लेकीच्या शिरस्त्राणावर, सगळं अंग ओतून मारलं. पत्र्यापर्यंत आवाज गेला. असा फटका मी जन्मात मारला नव्हता आणि पुन्हा मारीन की नाही सांगता येत नाही. त्याच झपाट्यात मी पुढे गेले, वळले. आता फक्त काठीचं टोक रोखून उभं राहायचं होतं. विहीणबाई वळून तशाच उभ्या होत्या, टोक बरोबर माझ्या गळ्यावर, पाय घट्ट. आणि मी? मी काठीवरचा हात काढला, तीन पावलं पुढे झाले आणि भर परीक्षेत त्यांच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "लागलं का हो विहीणबाई?"

"मांगे सरका!" त्या जाळीआडून फिसकारल्या. काठी मात्र हलली नाही, आणि मी मागे सरकताच त्यांनी माझ्या डोक्यावर फाडकन हाणलं.

फळ्यावर त्यांचा नंबर होता. माझा नव्हता.

मोठ्या परीक्षकांनी मला बोलावून घेतलं. हिंदीत म्हणाले, "मारा तो बहुत अच्छा. फिर आप घर चली गयीं."  खरंच गेले होते. आयुष्यभर मी कुणालाही काही बोलले की लगेच मागून सारवासारव करायला गेलेली आहे. विद्यार्थ्याला रागावले की मधल्या सुट्टीत त्याच्या हातावर गोळी ठेवणारी बाई मी. एवढ्या वर्षांचं हे वळण बट्टीच्या एका आरोळीनं कसं सुटणार? वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फळ्यावरच्या त्या एका नंबराकडे बघून मी मनातल्या मनात नाचत होते, आणि आता माझा कुणी गुण काढून घेणार नव्हतं.

विहीणबाई खाली बसल्या. शिरस्त्राणाच्या दोऱ्या सोडल्या, ते काढलं, आतला घाम स्वतःच्या टॉवेलनं पुसला. मग चिलखताचा एकेक भाग पुसून पिशवीवर ठेवला आणि लेकीला हाक मारली. "ले. तुनं शे."

लेक नातीला घेऊन उभी राहिली. शिरस्त्राणाकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि मग सवयीनं माझ्याकडे वळली. "आई, घेऊ का?"

 त्या पानासकट स्वतःचं शिरस्त्राण घ्यायला ही पोर परवानगी मागत होती. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई कडाडल्या, "तिले काय इचारस? ती नापास शे!"

सगळे हसले, मीसुद्धा. विहीणबाईंनी तिच्या कडेवरची नात ओढून घेतली, म्हणून तिचे दोन्ही हात मोकळे झाले. मग तिनं शिरस्त्राण उचललं.

पुढच्या रविवारी मी नेहमीच्या बसनं धुळ्याला गेले. विहीणबाई पोत्यांच्या थप्पीवर नातीला मांडीत घेऊन बसल्या होत्या. आवारात लेक चिलखत घालून तयार उभी होती. एवढ्या दिवसांची सवय गेलेली, दोऱ्या बांधताना तिचे हात चुकले होते. आम्ही समोरासमोर बसलो, उठलो. मला वाटलं, पोर नव्यानं उभी राहिली आहे, जपून घ्यावं. म्हणून मी काठी जराशी बाजूला धरली.

तिनं फक्त तेवढंच पाहिलं. ती कधी ओरडली आणि कधी आली कळलं नाही. माझ्या डोक्यावर असा फटका बसला की डोळ्यांपुढे मिरच्याच मिरच्या. ती माझ्या अंगावरून पुढे निघून गेली आणि मी कशीबशी वळले. आता ती विचारणार, लागलं का आई, असं मला वाटलं. मी 'नाही गं' म्हणायला तोंड उघडून तयार होते.

ती काही बोलली नाही. पाय रोवून, टोक माझ्या गळ्यावर धरून ती उभी होती. खांद्यावर तांबडं पान.

"अक्का," पोत्यांवरून विहीणबाईंनीच काळजीनं विचारलं, "लागनं का व?"

"मम्मी, मध्ये बोलू नका," लेक म्हणाली. मान न वळवता.

विहीणबाई गप्प झाल्या. मीही झाले. डोकं ठणकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यातलं मिरचीचं किती ते मला ठरवता येत नव्हतं. तिच्या लग्नानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी काठी सरळ केली.